कमी माणसांच्या संस्थेने आपला मेल कसा राखावा

छोट्या सेवाभावी संस्थेत मेल सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी नेमलेला असतो. तो हिशेब बघतो किंवा प्रकल्पांचे अहवाल लिहितो, आणि त्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून पासवर्ड विसरलेल्यांचे फोनही त्यालाच येतात. सुरक्षेवरचे बहुतेक सल्ले मात्र स्वतंत्र आयटी विभाग असलेल्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. ते वाचून या माणसाच्या हाती दडपणाशिवाय काही लागत नाही.

म्हणून इथे प्रत्येक उपायाला एकच कसोटी लावली आहे: एकदा बसवल्यावर तो रोज किती लक्ष मागतो? अशा संस्थेत पैशांची चणचण असतेच, पण लक्षाची त्याहून जास्त असते. रोज कुणीतरी तासभर द्यावा लागणारा उपाय कितीही चांगला असला तरी दोन-तीन महिन्यांत मागे पडतो आणि मग तो आहे या भरवशावर सगळे गाफील राहतात. जे यंत्राला जमतं ते पूर्णपणे यंत्रावर सोपवावं आणि माणसाचं लक्ष अगदी मोजक्या जागांसाठी राखून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. त्या जागा कोणत्या हे पुढे येईलच.

मुळात मेलमध्ये एवढी फसवाफसवी का चालते

एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल नेण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. त्या वेळी नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. मेल पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहून ते पेटीत टाकता येतं, तसाच मेलच्या 'फ्रॉम'मध्ये कुणाचाही पत्ता घालता येतो. आजही मेलचा पाया तोच आहे. नंतरचे सगळे बंदोबस्त त्यावर वरून चढवलेले आहेत.

दुसरं कारण पैशांचं आहे. लाखभर मेल पाठवायला पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वेळ जातो तो मिळवणाऱ्याचा. मे १९७८ मध्ये गॅरी थुअर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवली होती. स्पॅमचा पहिला नमुना म्हणून तीच सांगितली जाते. तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही.

गाळणी कुठे बसवायची

स्पॅम गाळणारी यंत्रणा एका खुणेवर विसंबत नाही. मेल कुठल्या सर्व्हरवरून आला, त्या सर्व्हरची पत काय, हे आधी पाहिलं जातं. बदनाम सर्व्हरच्या याद्या ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासून हे काम करते आहे. मग मजकूर तपासला जातो. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली: तुमचे चांगले मेल आणि तुमचा स्पॅम यांत कुठले शब्द किती वेळा येतात हे मोजलं, तर नवा मेल कुठल्या बाजूचा असेल याचा अंदाज संभाव्यतेच्या हिशेबाने फार अचूक बांधता येतो. स्पॅमअसॅसिनसारखी मुक्त प्रणाली अशा शेकडो खुणांना गुण देते आणि बेरीज ठराविक आकड्यापर्यंत पोहोचली, म्हणजे मूळ मांडणीत ५ झाली, की मेल स्पॅम ठरवते.

हे सगळं आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर फुकटात उभं करता येतं. सोबत क्लॅमएव्ही हा मुक्त व्हायरस-तपासनीसही जोडता येतो. तरीही कमी माणसांच्या संस्थेने या वाटेला जाऊ नये. प्रणाली फुकट मिळते, पण अपडेट, भरलेली डिस्क, रात्री बंद पडलेला सर्व्हर यांमागे जाणारे तास फुकट नसतात. ते सांभाळणारा उत्साही स्वयंसेवक शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून गेला की सर्व्हर पोरका होतो, आणि दोन वर्षं अपडेट न केलेला मेल सर्व्हर हा स्वतःच मोठा धोका असतो. गूगल पात्र सेवाभावी संस्थांना वर्कस्पेस ही आपली मेल आणि कार्यालयीन कामाची सेवा विनामूल्य देतं, मायक्रोसॉफ्टच्याही संस्थांसाठी सवलतीच्या योजना आहेत, आणि टेकसूपसारखी जागतिक संस्था नेमकी अशाच सवलती मिळवून देण्याचं काम करते. अर्ज आणि नोंदणीची कागदपत्रं यांत थोडा वेळ जातो, पण तो एकदाच.

काही संस्था मेलबॉक्स जुन्याच जागी ठेवून फक्त गाळण्याची सेवा पुढे बसवतात. त्यासाठी डोमेनची (पत्त्यातल्या 'ॲट'नंतरच्या नावाची) एमएक्स नोंद, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारी नोंद, बदलतात. मग मेल आधी गाळणीकडे जातो आणि मग तुमच्या सर्व्हरवर येतो. इथे एक फट हमखास राहते. जुन्या सर्व्हरचा पत्ता स्पॅमरांना माहीत असतो आणि तो सर्व्हर अजूनही कुणाकडूनही मेल घेत असतो, त्यामुळे ते गाळणीला वळसा घालून सरळ मागच्या दारी येतात. गाळणी बसवल्यावरही स्पॅम कमी झाला नाही तर आधी इथे बघा. सर्व्हरने फक्त गाळणीच्याच पत्त्यांवरून मेल स्वीकारावा, एवढी एक मांडणी करून घेतली की फट बुजते.

अनोळखी माणसाचा मेल ही संस्थेची गरज आहे

कंपनी अनोळखी माणसाकडे संशयाने पाहू शकते. सेवाभावी संस्थेचा कारभारच अनोळखी माणसांवर चालतो. पहिल्यांदाच देणगी देऊ पाहणारा, मदत मागणारा, दुसऱ्या देशातून अनुदानाबद्दल विचारणारा, मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवू इच्छिणारा वृद्ध या सगळ्यांचा मेल गाळणीला संशयास्पद वाटायला अगदी योग्य असतो. पैसे, मदत, तातडी, वारसा हे शब्द, अनोळखी पत्ता, आणि परदेशी सर्व्हर! आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या मेलमध्ये तर औषधांची आणि शरीराच्या अवयवांची नावं रोजच येतात.

त्यामुळे गाळणी घट्ट करत नेण्याचा मोह टाळावा. इनबॉक्समध्ये चार स्पॅम जास्त आले तर चार क्षण जातात. मदत मागणाऱ्याचा एक मेल स्पॅममध्ये कुजला तर एका माणसाला आपण उत्तरच दिलेलं नसतं. स्पॅम आहे याची खात्री पटलेले मेल परस्पर अडवले जाऊ द्यावेत आणि शंकास्पद मेल वेगळ्या कप्प्यात, क्वारंटाइनमध्ये जावेत. तो कप्पा पाहण्याचं काम एका नावानिशी ठरलेल्या माणसाकडे असावं, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, फक्त पाठवणारा आणि विषय यांवरून नजर फिरवायला. माणसाचं लक्ष खर्च करायची ही पहिली जागा. 'सगळ्यांनी आपापलं बघा' असं सांगितलं की कुणीच बघत नाही.

याच संदर्भात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे विश्वासू यादीत स्वतःचंच डोमेन घालणं. आपल्याच लोकांचे मेल अडकू नयेत हा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे तुमच्या अध्यक्षांच्या नावाने आलेला बनावट मेलही न तपासता आत येतो. दुसरी म्हणजे 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं उत्तर आपोआप पाठवणारी यंत्रणा. स्पॅमवरचे प्रेषक पत्ते बहुधा खोटे असतात, त्यामुळे ती उत्तरं भलत्याच निरपराध माणसांना जातात, आणि खरा देणगीदार तो अडथळा पाहून निघून जातो.

वेबसाइटवर उघडा लिहिलेला पत्ता स्पॅमर यंत्राने टिपतात हे खरं. पण त्यासाठी पत्ता लपवून मदत मागणाऱ्यांची वाट अडवण्यापेक्षा चौकशीसाठी एक वेगळा पत्ता ठेवावा आणि कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक पत्ते साइटवरून काढून टाकावेत. आणि 'काहीही-ॲट-आपलं-डोमेन' अशा कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल स्वीकारणारी कॅच-ऑल सोय असेल तर ती बंद करावी. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

व्हायरस: अटॅचमेंटची जातच अडवा

मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवणारे वाचक असतील. प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल मेलसोबत यायची. तिच्या नावात '.टीएक्सटी' दिसायचं, पण खरं शेपूट '.व्हीबीएस' होतं आणि विंडोज ते शेपूट लपवायचं. उघडली की ती कॉम्प्युटरवरच्या फायली बिघडवायची आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवायची. पुढे वर्ड आणि एक्सेलमधल्या मॅक्रोंचा, म्हणजे फायलीच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रामांचा, काळ आला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली, तशी हल्लेखोरांनी आयएसओ, एलएनके, वननोट अशा फायलींकडे मोर्चा वळवला. आता एचटीएमएल अटॅचमेंटही पुष्कळ येतात. त्या उघडल्या की हुबेहूब लॉगिनचं पान दिसतं आणि टाकलेला पासवर्ड थेट चोराकडे जातो.

प्रत्येक नवी युक्ती कर्मचाऱ्यांना शिकवत बसणं शक्य नाही. त्याऐवजी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्या संस्थेला मेलने कुठल्या फायली खरोखर लागतात? बहुतेकांचं उत्तर पीडीएफ, फोटो, वर्ड आणि एक्सेल इथे संपतं. बाकीच्या चालवता येणाऱ्या फायली, म्हणजे ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एससीआर, आयएसओ, एलएनके आणि त्यांचे भाऊबंद, मेलसेवेच्या सेटिंगमधून सरसकट अडवून टाका. तासाभराचं काम आहे, आणि पुढे ते कुणाच्याही लक्षात राहावं लागत नाही. पासवर्ड घातलेली झिप फाइल वेगळ्या कप्प्यात जाऊ द्यावी, कारण तिच्या आत तपासनीसाला बघताच येत नाही. हल्लेखोर झिपचा पासवर्ड मेलमध्येच लिहून देतात तो नेमका याचसाठी.

तपासनीस जागा आहे का हे बघायला ईआयसीएआर नावाची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती फक्त ६८ अक्षरांची आहे आणि जवळजवळ सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून अडवतात. ती बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला पाठवून बघा. पोहोचली तर सेटिंगमध्ये काहीतरी चुकलं आहे.

'ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइल उघडायला हरकत नाही' हा जुना सल्ला मात्र आता सोडून द्यायला हवा. एमोटेट नावाचं व्हायरस पसरवणारं जाळं लोकांच्या मेलबॉक्समधली जुनी संभाषणं चोरायचं आणि त्याच धाग्यात, त्याच विषयाखाली, विषारी फाइल जोडून उत्तर पाठवायचं. युरोपोलच्या पुढाकाराने अनेक देशांच्या पोलिसांनी ते जानेवारी २०२१ मध्ये मोडून काढलं, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते परत उगवलं. ही पद्धत आता इतरांनीही उचलली आहे.

कॉम्प्युटरवर रोजचं काम करणारं खातं ॲडमिनचं नसावं आणि अपडेट आपोआप होऊ द्यावेत. बॅकअपची एक तरी प्रत कॉम्प्युटरपासून तोडून ठेवलेली असावी, नाहीतर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरची प्रतही कुलूपबंद करतो.

गाळणीला न दिसणारा मेल

आता माणसाचं लक्ष लागणारी दुसरी जागा. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या अमेरिकेतल्या शाखेला २०१७ मध्ये जवळपास १० लाख डॉलरला फसवण्यात आलं. चोरांनी एका कर्मचाऱ्याच्या मेल खात्यात शिरकाव केला, पाकिस्तानातल्या आरोग्य केंद्रांना सौर पॅनेल लागणार आहेत अशी बनावट बिलं तयार केली आणि पैसे जपानमधल्या खात्यात वळवून घेतले. संस्था पाकिस्तानात खरोखरच दीर्घकाळ काम करत होती, त्यामुळे मागणी खरी वाटली. बहुतेक रक्कम पुढे विम्यातून भरून आली. छोट्या संस्थेकडे असा विमा असेलच असं नाही.

या प्रकारच्या मेलमध्ये व्हायरस नसतो, संशयास्पद लिंकही नसते. साध्या भाषेतला, नम्र, थोडी घाई असलेला मजकूर असतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचा हप्ता या खात्यात टाकावा.' पत्ता नीट पाहिला तर कधी एखादं अक्षर बदललेलं सापडतं. रोमन लिपीतले आर आणि एन शेजारी आले की एम वाटतात, आणि छोट्या मोबाइलवर ते कुणालाच दिसत नाही. पण खातंच चोरलेलं असेल तर पत्ताही खराच असतो, आणि मग निरखून बघून उपयोग नाही.

इथे गाळणीपेक्षा संस्थेचा एक लेखी नियम जास्त कामाचा आहे. बँक खात्याचा तपशील बदलण्याची किंवा नव्या ठिकाणी पैसे पाठवण्याची मागणी मेलवर आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. आणि पैसे सोडताना दोन माणसांची मंजुरी लागेल. हा नियम विश्वस्तांनी ठराव करून मंजूर करावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्याचा खरा उपयोग हिशेब बघणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला होतो. अध्यक्षांच्या नावाने 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, लगेच गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठवा' असा मेल आला, तर 'नियम आहे, फोन करावाच लागेल' असं म्हणायची ताकद त्याला त्या ठरावातून मिळते. त्याने खात्री करायला फोन केला म्हणून अध्यक्ष रागावले, तर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही.

खाती आणि किल्ल्या

लॉगिनला दुसरा टप्पा लावणं, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा की मागणं, हा सगळ्यांत कमी श्रमाचा आणि सगळ्यांत जास्त फळ देणारा उपाय आहे. गूगलने २०१९ मध्ये दोन विद्यापीठांसोबतच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. एसएमएसवर येणाऱ्या कोडमुळे यंत्राने होणारे सगळे हल्ले अडले, घाऊक फिशिंगचे (खोट्या पानावर पासवर्ड टाकायला लावणाऱ्या मेलचे) ९६ टक्के अडले, आणि एखाद्यालाच हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के. यूएसबीसारख्या सिक्युरिटी की वापरणाऱ्यांच्या बाबतीत तिन्ही प्रकारचे हल्ले १०० टक्के अडले. सगळ्यांना की देणं परवडत नसेल तर निदान ॲडमिन, हिशेब बघणारा आणि अध्यक्ष या तिघांना द्यावी. बाकीच्यांना फोनवरचं ॲप पुरेल.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती काढून टाकावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच तसं सांगितलं आहे, कारण सक्ती केली की लोक शेवटी एक आकडा वाढवून मोकळे होतात. लांब पासवर्ड आणि तो लक्षात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर हे जास्त टिकाऊ आहे.

चौकशीच्या सामायिक पत्त्याचा पासवर्ड पाच जणांना माहीत असणं ही संस्थांमधली जुनी सवय. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे सामायिक मेलबॉक्स किंवा ग्रुप करता येतो, ज्यात प्रत्येक जण आपल्याच खात्यातून तो मेल बघतो. कुणी सोडून गेलं की त्याचं नाव काढायचं, एवढंच. स्वयंसेवक येत-जात असतात, म्हणून खाती बंद करायचं काम निरोपाच्या कागदपत्रांतच लिहून ठेवावं.

आपल्या नावाने दुसऱ्याने पाठवलेला मेल

सुरुवातीला म्हटलेली खोट्या प्रेषकाची अडचण सोडवायला तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाची माहिती सगळ्यांना देणाऱ्या वहीत, घालतात. एसपीएफ सांगते की आमच्या नावाने मेल पाठवायला हे सर्व्हर अधिकृत आहेत. डीकेआयएम प्रत्येक मेलवर अशी सही करते की वाटेत मजकूर बदलला तर कळावं. डीमार्क या दोन्हींचा निकाल 'फ्रॉम'मधल्या दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघते आणि जुळला नाही तर काय करायचं ते समोरच्या सर्व्हरला सांगते. जीमेलमध्ये कुठल्याही मेलच्या मेनूतून मूळ मेल दाखवायचा पर्याय निवडला, की वरच्या तक्त्यात या तिन्हींसमोर पास की फेल हे लिहिलेलं दिसतं. आपल्याच संस्थेचा एखादा मेल उघडून आत्ता बघा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं आहे. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारे गूगलच्या लेखी घाऊक ठरतात, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम लहानांनाही लागतंच. म्हणजे नोंदी नसतील तर तुमची देणगीची पावतीच देणगीदाराच्या स्पॅममध्ये जाईल.

डीमार्क थेट कडक करू नका. आधी 'पी=नन' (न जुळलेला मेलही अडवू नका) ठेवून काही आठवडे येणारे अहवाल पाहा, कारण आपल्या नावाने कोण-कोण मेल पाठवतं हे संस्थेला पूर्ण माहीत नसतं. वार्तापत्राची सेवा, देणगीचं पोर्टल, वेबसाइटचा फॉर्म, हिशेबाचं सॉफ्टवेअर हे सगळे पाठवत असतात. सगळे जुळले की 'क्वारंटाइन' आणि मग 'रिजेक्ट'. एसपीएफमध्ये डीएनएसच्या १० पेक्षा जास्त चौकश्या चालत नाहीत. सेवा जोडत गेलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि सगळंच फेल होतं.

तरीही काही घडलं तर

कुणी चुकीच्या पानावर पासवर्ड टाकला तर त्याने दहा मिनिटांत सांगावं, दोन दिवसांनी नव्हे, यासाठी सांगणाऱ्याला ओरडा बसणार नाही हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. मग पासवर्ड बदला, सगळीकडची चालू लॉगिन तोडा, आणि मेलबॉक्सच्या सेटिंगमधले फॉरवर्डचे आणि फिल्टरचे नियम तपासा. चोर बऱ्याचदा 'बँक' किंवा 'बिल' शब्द असलेले मेल परस्पर स्वतःकडे वळवणारा नियम बनवून ठेवतात, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो. पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी बँकेला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, पुढे ती झपाट्याने कमी होते.

त्यासाठी लागणारे नंबर एका छापील कागदावर असू द्या: बँक, मेलसेवेची मदत, दोन विश्वस्त, आणि डोमेनची नोंदणी जिथे केली ती कंपनी. डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याच्या नूतनीकरणाची आठवण कुठल्या पत्त्यावर येते आणि ते खातं कोण उघडू शकतं, हेही त्यावर लिहा. अनेक संस्थांचं डोमेन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एखाद्या स्वयंसेवकाच्या वैयक्तिक मेलवर नोंदलेलं निघतं. तो पत्ता बंद पडला असेल तर आठवण कुणालाच मिळत नाही, आणि डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याने घेतलं तर संस्थेच्या नावाने येणारा सगळा मेल त्याच्याकडे जाऊ लागतो. नोंदणी संस्थेच्या नावावर करून घ्यायला एक फोन आणि थोडी कागदपत्रं लागतात. ते याच आठवड्यात करून घ्या.